चार पायऱ्या आणि एक शिडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा गणपतीच्या सातव्या दिवशी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडदा लावून ‘चंदू चॅम्पियन’ दाखवला. गाड्या बाहेर रस्त्यावर काढल्या होत्या, खाली सतरंज्या, मागे आम्हा ज्येष्ठांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. जून २०२४मध्ये हा चित्रपट आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तो पाहिला होता. पण मुलांबरोबर पाहायचा म्हणून पुन्हा बसले. ज्यांच्या आयुष्यावर तो आहे ते दिव्यांग जलतरणपटू मुरलीकांत पेटकर शेवटच्या शर्यतीत भिंतीला हात लावतात, तेव्हा सतरंजीवरची सगळी पोरं उभी राहून ओरडली. माझेही डोळे भरून आले.

चित्रपट संपल्यावर सी विंगमधला एक चौथीतला मुलगा माझ्या खुर्चीपाशी आला. मी पोहणं शिकवायचे हे त्याला माहीत आहे, त्याच्या आईला मीच शिकवलं. त्याने विचारलं, “आजी, ते पेटकर आजोबा खरे आहेत?”

म्हटलं, “अगदी खरे. आपल्या पुण्याच्याच बाजूला राहतात.”

“मग ते आपल्या टँकवर पोहायला येतात का?”

मी त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि घरी आले. रात्री झोप लागली नाही, कारण खरं उत्तर मला माहीत होतं. चाकाच्या खुर्चीतलं कोणीही आलं तरी त्याला आत येता येणार नाही. मी ज्या तलावावर शेवटची १४ वर्षं काम केलं, तिथे फाटकातून आत आलं की चार पायऱ्या आहेत, पुढे पाय धुवायची पन्हळ आणि पाण्यात उतरायला उभी लोखंडी शिडी. चाकाची खुर्ची पहिल्या पायरीपाशीच थांबते. त्या चार पायऱ्यांसाठी हे पत्र लिहिते आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठचे, जन्म १९४४चा. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, त्यांचं स्वागत हा मुलगा पाहतो आणि आपणही ऑलिंपिकचं पदक आणायचं असं मनाशी धरतो. गावातली पोरं त्याला ‘चंदू चॅम्पियन’ म्हणून चिडवतात. पुढे तो लष्करात जातो, बॉक्सिंग शिकतो. १९६५च्या युद्धात त्याला गोळ्या लागतात आणि पायांतली शक्ती जाते. खऱ्या आयुष्यात पेटकर १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये, टेबल टेनिस खेळले. १९७२ साली पश्चिम जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक घेतलं, तेही विश्वविक्रम करून. ऑलिंपिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्रा यांचं, २००८चं. पेटकरांनी पॅरालिंपिकमधलं सुवर्ण त्याच्या ३६ वर्षं आधी आणलं होतं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५मध्ये, चित्रपट आल्यावर सात महिन्यांनी. हायडेलबर्गहून परतलेला तरुण तोवर ऐंशीचा झाला होता.

चित्रपटातल्या गुरूंबद्दल मला आवर्जून लिहायचं आहे. विजय राज यांनी उभे केलेले टायगर अली हे बॉक्सिंगचे प्रशिक्षक. मुलगा अंथरुणाला खिळल्यावर हाच माणूस येऊन त्याला पाण्याकडे वळवतो. तो त्याची कीव करत नाही, गोंजारत नाही, मला ते फार खरं वाटलं. पण दोन्ही वेळा चित्रपट पाहताना मी एकच गोष्ट शोधत होते. त्यांना पाण्यात उतरवलं कसं? कोणी धरलं, कुठून धरलं, काठ कसा होता? चित्रपटाला पुढे जायचं असतं, त्याला तिथे थांबता येत नाही. मी मात्र तिथेच अडकले, कारण तो काठ मी पाहिला आहे.

२०१८च्या दिवाळीनंतर धायरीहून दोन बस बदलून एक बाई तलावावर आल्या. त्यांचा मुलगा २३ वर्षांचा, वायरिंगची कामं करायचा. नव्या इमारतीत स्लॅबवरून पडला आणि मणक्याला मार बसला. कमरेखाली हालचाल नाही आणि स्पर्शही कळत नाही. डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सुचवला होता. मी त्यांना म्हटलं, थंडी सरू द्या, मग बघू. फेब्रुवारीत त्या पुन्हा आल्या, तेव्हा म्हटलं, जीवरक्षक कमी आहेत. दोन्ही कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती आणि ते कबूल करण्याची माझी तयारी नव्हती.

मार्चमध्ये एका संध्याकाळी मुलांची बॅच चालू असताना कुंपणाच्या जाळीबाहेर ती माउली आणि चाकाच्या खुर्चीत तो दिसला. त्यांनी मला हाक मारली नाही. तासभर ती दोघं नुसती बघत होती. माझं लक्ष सारखं तिकडे जात होतं. पोरं हात मारत होती आणि जाळीबाहेर त्या मुलाचे खांदे त्यांच्या हातांबरोबर हलत होते, उजवा, डावा, उजवा. त्याचं त्यालाही कळत नसावं.

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी नकार दिला. म्हणाले, बाकीच्या सभासदांना आवडणार नाही. बरीच बोलणी झाल्यावर पहाटे पाच ते पावणेसहा, पहिली बॅच यायच्या आत, माझ्या जबाबदारीवर, एवढं कबूल केलं. लेखी काही दिलं नाही.

पहिल्या दिवशी त्याचा मामा आणि आमचा एक जीवरक्षक यांनी खुर्ची उचलून चार पायऱ्या पार केल्या. शिडीचा उपयोग नव्हता. त्याला काठावर बसवलं, मी पाण्यात उभी राहून काखेत हात घातले आणि खाली घेतलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. अंग पुसताना तिला त्याच्या टाचेवर रुपयाएवढी सोललेली जागा दिसली. आमच्या काठाचं सिमेंट खरखरीत, उतरताना टाच घासली होती. त्याला काही कळलंच नव्हतं, मलाही नाही. जिथे स्पर्श कळत नाही तिथली जखम चिघळली तर महिने घेते, ही साधी गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. जखम पूर्ण भरेपर्यंत त्याचं पाणी बंद. नंतर आम्ही काठावर जुनी योगाची चटई ओली करून अंथरायला लागलो. त्याच्या पायात जाड मोजे चढवले. बाहेर आल्यावर घोटे, टाचा, नितंब नीट बघितल्याशिवाय त्याला घरी पाठवायचं नाही, असा नेम केला.

आणि आता जे लिहिते ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पहिल्या धड्याला तो भिंतीची कड धरून पालथा तरंगत होता, मी शेजारी उभी. माझ्या तोंडून निघालं, “पाय मार! पाय मार, गुडघा वाकवू नकोस!” ३० वर्षांची जिभेची सवय. पाणी शांत होतं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, पाय सोडून सांगा ना.”

चिडला नव्हता. खरंच विचारत होता. आणि पाय सोडून काय सांगायचं, हे मला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बायकांची बॅच गेल्यावर, मी घोट्यांपाशी आणि गुडघ्यांपाशी ओढणीने पाय घट्ट बांधले, जीवरक्षकाला काठावर उभं केलं आणि पाण्यात शिरले. लहानपणी गावाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले, तेव्हापासून पाण्याची भीती मला माहीत नाही. त्या दुपारी वाटली. दहा हात मारले नाहीत तोच कंबर खाली गेली, पाय मागे ओढायला लागले. श्वासासाठी डोकं वर काढलं की आणखी खाली. गटांगळ्या खाऊन काठाला लागले, दम घेतला, पुन्हा शिरले. असं आठवडाभर केलं तेव्हा हळूहळू कळत गेलं. डोकं उचलायचंच नाही, हनुवटी छातीकडे, नजर तळाकडे, म्हणजे कंबर थोडी वर येते. श्वास हवा तर अख्खं अंग कुशीवर वळवायचं. हात घाईने मारायचे नाहीत, प्रत्येक हात लांब न्यायचा आणि पाणी मांडीपर्यंत ढकलायचं. सुरुवात पाठीवरच्या पोहण्याने करायची, तोंड बाहेर राहतं म्हणजे भीती निम्मी होते. मांड्यांमध्ये फ्लोट हवा, पण त्याला तो आवळून धरता येणार नाही, म्हणून चड्डीच्या रुंद इलॅस्टिकने बांधायचा.

चित्रपटात गुरू शिष्याला त्याच्यातली ताकद दाखवून देतो. माझ्या बाबतीत तो मुलगा शिकवत होता आणि मी पाय बांधून शिकत होते.

एप्रिल-मेमध्ये तो पाठीवर एकटा तरंगायला लागला. गणपतीच्या सुमाराला तलावाची रुंदी पार केली. नोव्हेंबरात एका पहाटे, धुकं होतं, उथळ बाजूने निघून तो पंचवीस मीटर गेला आणि पलीकडच्या भिंतीला त्याने हात लावला. मी शेजारून चालत होते, हात लावला नाही. त्याने कड धरली, श्वास घेतला आणि मागे वळून पाहिलं. ज्या टोकाहून निघाला होता तिथे त्याची खुर्ची रिकामी उभी होती. म्हणाला, “मॅडम, खुर्ची तिकडंच राहिली.” त्याची आई जाळीपाशी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळे तलाव बंद झाले. पुढे उघडले तेव्हा मी निवृत्त झाले होते आणि आमच्या तलावाचा ठेका दुसऱ्याकडे गेला होता. नव्या लोकांनी त्या मुलाला सांगितलं, विम्यात बसत नाही. तेव्हापासून तो पाण्यात उतरलेला नाही. घरी बसून मोबाइल दुरुस्ती करतो, हात चांगला बसला आहे. थंडीत पाय आखडतात, कळा येत नाहीत पण पाय झटके मारतात, पाण्यात होता तेव्हा ते कमी व्हायचे. त्याला पदक मिळालेलं नाही, मिळवायचंही नाही. आठवड्यातून तीन दिवस पाणी मिळावं, एवढंच त्याचं मागणं आहे.

पॅरालिंपिकचा जन्म रुग्णालयातला आहे, हे चित्रपट पाहून आलेल्या पालकांनी मुलांना सांगावं असं मला फार वाटतं. नाझींच्या छळामुळे डॉ. लुडविग गुटमन हे ज्यू डॉक्टर १९३९ साली जर्मनी सोडून इंग्लंडला गेले. १९४४ साली स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात मणक्याला दुखापत झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे आला. अशा माणसांचं फार काही होत नाही, ती थोड्या दिवसांची सोबती, असाच तेव्हा समज होता. गुटमन यांनी त्यांना दर काही तासांनी कुशीवर वळवायची शिस्त लावली, जखमा होऊ दिल्या नाहीत आणि खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्या रुग्णालयाच्या आवारात १६ जणांनी चाकाच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा केली. तिथून सगळं सुरू झालं. आणि १९७२ साली पेटकर पोहले ते हायडेलबर्गला, गुटमन यांना जो देश सोडावा लागला होता त्याच जर्मनीत. कुशीवर वळवणं आणि जखमा न होऊ देणं, गुरुपणाची सुरुवात तिथे झाली होती. आमच्या काठावरच्या ओल्या चटईकडे बघताना मला हे नेहमी आठवतं.

पुण्याला हे नवं नाही. खडकीला जायबंदी जवानांना कामधंदा शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था आहे, तिची सुरुवात १९१७ची. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठीचं पुनर्वसन केंद्रही तिथेच, १९७४पासून. म्हणजे माणसाला खुर्चीतून कसं उचलायचं, त्वचा कशी सांभाळायची, हे जाणणारी माणसं याच शहरात आहेत. ते ज्ञान तलावांच्या फाटकातून आत आलेलं नाही, एवढंच. खेळाडूंचं म्हणाल तर करमाळ्याच्या सुयश जाधवने लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले आणि २०१८च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेतलं. पॅरिसला २०२४ साली भारताला २९ पदकं मिळाली, त्यातलं गोळाफेकीचं रौप्य सांगली जिल्ह्यातल्याच सचिन खिलारीचं. ही मुलं कुठल्या ना कुठल्या फाटकातून आत गेली म्हणून आपल्याला दिसली.

कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ३० खेळांविषयी आहे. दिव्यांगांना खेळात भाग घेता यावा म्हणून मैदानं आणि सोयीसुविधा त्यांच्या गरजेप्रमाणे बदलण्याची जबाबदारी ते सरकारवर टाकतं. “बाकीच्यांना आवडणार नाही” या वाक्याला त्यात जागा नाही.

काय लागतं ते मी मोजून काढलं आहे. आमच्या तलावाच्या चार पायऱ्या प्रत्येकी सहा इंचांच्या, म्हणजे दोन फूट चढ. उतार एकास बारा असा धरायचा असतो, म्हणजे २४ फूट लांबीचा रॅम्प. सायकल स्टँडची जागा तेवढी आहे, मी पावलांनी मोजून आले. पन्हळीवर लोखंडी जाळी टाकली की चाकं पार होतात. पाण्यात उतरवायला हायड्रॉलिक उचलणी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर काठाच्या एका कोपऱ्यात खुर्चीच्या उंचीचा गुळगुळीत फरशीचा कट्टा बांधावा, त्यावर सरकून बसता येतं आणि तिथून पाण्यात. रबरी चटया, एक झोपायचं बाकडं, कपडे बदलायची मोठ्या दाराची एक खोली. दिवसाकाठी एक तास. आणि दोन जीवरक्षक, ज्यांना आठवडाभर खडकीला पाठवून उचलायचं कसं आणि धरायचं कसं हे शिकवलेलं असेल. पैशांपेक्षा हे शेवटचं जास्त महत्त्वाचं, कारण चुकीचं धरलं तर खांदा निखळतो आणि त्या माणसाकडे तेवढे दोन खांदेच असतात.

माझ्या बरोबरीच्या पोहणं शिकवणाऱ्यांना हात जोडून एक सांगते. हा चित्रपट पाहून तुमच्याकडे पालक येतील आणि विचारतील, आमचा मुलगा चॅम्पियन होईल का. त्यांना जे सांगायचं ते सांगा. पण एखाद्या दिवशी कोणी आई धायरीहून, हडपसरहून, कुठूनही, दोन बस बदलून येईल आणि फक्त “त्याला पाण्यात घ्या” म्हणेल. तिला तीन खेपा घालायला लावू नका. मी लावल्या. त्या पाच महिन्यांत तो मुलगा घरातल्या खाटेवर होता आणि ते महिने मी त्याला परत देऊ शकत नाही.

महिन्यापूर्वी मी तलावाच्या कार्यालयात अर्ज दिला आहे, सोबत रॅम्पचा कच्चा आराखडा जोडला आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. आपल्या वाचकांत बांधकामाचे किंवा फिजिओथेरपीचे जाणकार असतील आणि आराखडा पाहून चुका सांगतील तर मी आभारी राहीन. आपल्या पेठेतल्या, उपनगरातल्या तलावावर किती पायऱ्या आहेत एवढं जरी कोणी मोजून याच सदरात लिहिलं, तरी एक यादी तयार होईल.

शिकवायला मी तयार आहे, मानधन नको. वय ६७ आहे, पण पाण्यात उभं राहून माणूस तोलून धरायला वयाची फार अडचण येत नाही, पाणीच अर्धा भार घेतं. पहाटे पाचची वेळ मिळाली तरी चालेल. त्या मुलाच्या आईला मी यातलं काही कळवलेलं नाही, उगाच आशा लावायची नाही म्हणून. उत्तर आलं की पहिला फोन तिला करायचा आहे.

आपली,
एक निवृत्त जलतरण शिक्षिका,
कोथरूड, पुणे